आठ फ्रेमची किळस

मला किळस फार लवकर येते. दुसऱ्याच्या कंगव्यातला केस, लिफ्टच्या बटणावरचा ओला डाग, बेसिनच्या जाळीत अडकलेलं उष्टं, काहीही पुरतं. बायको म्हणते, "झाली तुमची नाटकं सुरू." नाटकं कसली डोंबलाची! पोटात खरंच ढवळून येतं, त्याला मी काय करू?

आणि अशा माणसाला ॲनिमेशनच्या वर्गातल्या सरांनी गृहपाठ काय द्यावा? किळस! कॉम्प्युटरवरच्या बाहुल्याने चमचाभर काहीतरी खायचं आणि तीन सेकंदांत त्याला किळस येताना दिसली पाहिजे. म्हटलं, वा, हे तर आपल्या घरचंच.

एकोणीस वर्षं मी छापखान्यात मशीन चालवलं. छापखाना बंद पडला आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी घरी बसलो. तेव्हा सासूबाईच म्हणाल्या होत्या, "अहो, फोनवर बोलता बोलता तुम्ही कागदावर माणसं काढता, ती किती जिवंत असतात. हल्ली कॉम्प्युटरवर ती चालती-बोलती करायला शिकवतात म्हणे. शिका ना." सगळे हसले. बायकोसुद्धा हसली. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. म्हणून मी त्या वर्गात गेलो. तिथली मुलं मला काका म्हणतात आणि सर माझ्या निम्म्या वयाचे आहेत.

सर हुशार आहेत, नाही म्हणत नाही. पण दिवसभर पुडीतले चिप्स खातात, बोटं चाटतात आणि त्याच बोटांनी माझा माउस धरतात. शी! तो पुसायला मी वेगळा रुमालच ठेवलाय.

बाहुल्याच्या चेहऱ्यावर ओठ, भुवया, नाकपुड्या हलवायच्या बारीक बारीक खुंट्या असतात. त्या ओढून चेहरा बसवायचा, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. एका सेकंदात अशी चोवीस चित्रं जातात, त्यातल्या एकेकाला फ्रेम म्हणायचं. मी दोन दिवस खपून भुवया आवळल्या, जीभ हातभर बाहेर काढली. सरांनी बघितलं आणि म्हणाले, "काका, याला किळस नाही आलीय. डॉक्टरांनी 'आ कर' म्हटलंय याला."

अख्खा वर्ग खिदळला. मीही हसल्यासारखं केलं.

"मनाने करू नका," सर म्हणाले. "खरंच काहीतरी घाणेरडं खा, फोनवर शूटिंग करा आणि त्यावरून उतरवा. शुक्रवारी जमलेलं असलं तर पुढचा वर्ग. नाहीतर परत पहिल्यापासून." परत पहिल्यापासून म्हणजे सहा महिने पुन्हा कॉम्प्युटरवर नुसता चेंडू उडवायला शिकत बसायचं. सहा महिने! तेवढा धीर आता माझ्यात नव्हता, घरच्यांत तर त्याहून नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात फोन बरणीला टेकवून उभा केला आणि कडू गोळी चावून खाल्ली. तेवढ्यात एक वाजला. सासूबाईंच्या जेवणाची वेळ. त्यांची खुर्ची तिथेच, स्वयंपाकघरात असते.

चार महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून तोंडाची डावी बाजू लोंबते, हात उचलता येत नाही. बायको दिवसपाळीला जाते, म्हणून दुपारचं भरवणं माझ्याकडे. मिक्सरमधून काढलेला करडा लगदा. चमचाभर आत घातला की अर्धा लाळेबरोबर बाहेर येतो, हनुवटीवरून खाली जायच्या आत चमच्याने निपटून परत आत घालायचा. सांगायला लाज वाटते, पण दर घासाला माझी आतडी पिळवटतात. तरी मी चेहरा हसरा ठेवतो. चार महिन्यांत एकदाही त्यांना कळू दिलं नाही, याचा मला अभिमान होता. त्या आपल्या डोळे मिटून खातात. मला वाटायचं, औषधांची गुंगी असेल.

फोन बंद करायचा राहून गेला होता.

संध्याकाळी वर्गात शूटिंग उघडलं. गोळी खातानाचा चेहरा अगदीच खोटा निघाला. पुढे सरकवत गेलो तर मी आणि सासूबाई, समोरासमोर. एकेक फ्रेम बघितली. चमचा पुढे जातो, वरचा ओठ एका बाजूने उचलला जातो, नाकपुडी ताणते, हनुवटी मागे जाते, डोळे त्यांच्या चेहऱ्यावरून निसटून भिंतीकडे पळतात. मोजून आठ फ्रेम. नवव्या फ्रेमला हसू येतं.

हा मी? हा असा दिसतो मी?

मान शरमेने खाली गेली, पण हात थांबले नाहीत, तेही सांगून टाकतो. चमचा बाहुल्याच्या तोंडात घातला आणि चेहरा माझा बसवला. आठच्या आठ फ्रेम.

शुक्रवारी सरांनी ते बघितलं आणि चिप्स चघळायचे थांबले. "काका! हे कुठून आणलंत?"

"घरूनच," मी म्हटलं.

मूळ शूटिंग दाखवाच म्हणाले. नको नको म्हणत असताना त्यांनीच लावलं, मागे-पुढे करून बघितलं. "तुमचं सोडा, या आजींचं टायमिंग बघा," असं म्हणत त्यांनी चिप्सचं बोट स्क्रीनवर सासूबाईंच्या तोंडावर टेकवलं. "तुमचा ओठ हलायच्या चार फ्रेम आधी यांचे डोळे मिटतात. तुम्ही हसलात की उघडतात. दर घासाला, काका! मस्त." मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी पास झालो होतो. स्क्रीनवर तेलकट ठसा राहिला. रुमाल खिशात होता, पण माझाच हात तिथे लावायची मला किळस आली.

शनिवारी एक वाजता वाटी घेऊन त्यांच्यासमोर बसलो. म्हटलं, "आई, पास झालो."

अर्धं तोंड हसलं. "म्हटलं... नव्हतं?"

मी चमचा भरून पुढे नेला. त्यांनी डोळे मिटले. चमचा तसाच धरून मी म्हटलं, "आई, डोळे उघडा ना. बघा माझ्याकडे."

त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले.

"आधी तुमचं होऊ दे," त्या एकेक शब्द जुळवत म्हणाल्या. "मग उघडते."

आणि त्यांनी तोंड उघडलं.