माझ्यात ळ नव्हता

मित्रांनो, मी एक जुना आणि अर्धवट टाइपरायटर आहे. जुना वयाने झालो. अर्धवट मात्र जन्मापासून आहे.

मुंबईच्या एका कारखान्यात मला घडवलं. देवनागरी अक्षरांचं यंत्र करण्याचा तो त्यांचा पहिलाच प्रयत्न. बाजारात आणण्याआधी वापरून बघावं, काय अडतं ते कळवावं, म्हणून मला अमरावतीच्या एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीत पाठवलं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, मराठीत कारभार करायची जो तो हौस बाळगून होता. मला हार घातला, कुंकू लावलं. मी फुगून बसलो.

मला चालवायला पंचफुला आली. वलगावहून एसटीने यायची. तिच्या वस्तीतून कचेरीत खुर्चीवर बसणारी ती पहिलीच. उमेदवारी नीट पार पडली की नोकरी कायम होणार होती. पहिल्याच दिवशी तिची बोटं माझ्यावरून फिरली आणि थबकली.

"सायेब, याच्यात ळ नाही जी."

हेडक्लार्क उद्धवराव मूळचे इथलेच, पण पुण्यात शिकून आलेले, बोलणं अगदी घासूनपुसून. "चाचणीचं यंत्र आहे, निभावून न्या. आणि पेनाने खाडाखोड नको. कंपनीला स्वच्छ कागद दाखवायचेत."

घडवणारेच एक अक्षर विसरले होते! गळ्यातला हार मला एकदम जड झाला.

पंचफुलाने आधी ळच्या जागी ल वापरला. 'शालेची वेल सकालची राहील.' शिपाई जानराव कागद वाचून खो खो हसला. "बाई, हे वेल लावू कोठी? कुंपनावर?"

मग तिने य लावला. 'शायेची वेय सकायची राहील.' आमच्या वऱ्हाडात शाळेला शायाच म्हणतात, मित्रांनो. उद्धवरावांनी वाचून सही केली. अकोल्याला, हिवरखेडला सूचना गेल्या, सगळीकडे मुलं वेळेवर हजर. कुणालाच काही खटकलं नाही. उलट माझ्या सफाईची तारीफ झाली, आणि ती मी निमूट ऐकून घेतली.

एक प्रत मात्र संस्थेच्या पुण्यातल्या अध्यक्षांकडे गेली. ती लाल रेघा घेऊन परत आली. टंकलेखिकेस शुद्ध मराठी येत नाही, तिला कमी करावे.

उद्धवराव तिच्यापुढे कागद नाचवत उभे राहिले. "माझी मान खाली घातलीत, पंचफुलाबाई!"

"तुमीच वाचून सही केली ना जी. तवा काहून नाही बोलले?"

"वर मलाच विचारता? तोंडाला येईल तेच छापायचं? ही कचेरी आहे, शाया नाही!"

शब्द सुटला.

"सायेब," जानराव हळूच म्हणाला, "आता तुमालेई कमी करा लागते."

सगळे हसले. पंचफुला हसली नाही. तिने डबा पिशवीत भरायला घेतला होता. माझ्या पोलादाला घाम फुटत नाही म्हणून, नाहीतर त्या दिवशी टेबल भिजलं असतं.

उद्धवराव स्वतः माझ्यापुढे येऊन बसले. उत्तरात 'शाळा' लिहायला गेले आणि त्यांचं बोट हवेतच राहिलं. "सही करताना मला बरोबरच ऐकू आलं हो," ते पुटपुटले. मग त्यांनी दौत-टाक मागवला. 'दोष यंत्राचा आणि माझा, बाईंचा नाही,' असं हाताने लिहून खाली सही केली. पंचफुला कायम झाली.

पुढे कंपनीचा माणूस आला. "यंत्राबद्दल तक्रार?" त्याने तिला विचारलं. मी वाईट ऐकायच्या तयारीत होतो.

ती माझ्यावरची धूळ पुसत म्हणाली, "चांगलं हाय जी बिचारं. एक अक्षर शिकाचं राह्यलं त्याचं."

ळ पुढच्या यंत्रांत आला. माझ्यात जागाच नव्हती. मी फडताळात गेलो. धुळीचं मला काही वाटत नाही, पण ते 'बिचारं' अजून टोचतं.

मित्रांनो, कुणाच्या हातून चूक झाली तर खुशाल हसा. पण हसण्याआधी त्याच्या हातात आपण काय दिलं आहे, ते एकदा बघून घ्या.