भाऊंच्या सिंगापुरी सूचना

"सूचना बावीस," भाऊंनी वही डोळ्यांपासून लांब धरली. "खोलीबाहेर पडताना चावी काउंटरवर द्यावी."

"अहो, अपूर्वाच्या घरात काउंटर कुठला असायला?" लीलाताई ओटीवर उघड्या पडलेल्या बॅगेत आमसुलांची पुडी कोंबत म्हणाल्या. "चावी देऊ कुणाला? नातवंडाला? ते अजून व्हायचंय!"

"तू आधी लिहून घे. विनोद मग कर."

"लिहायला कशाला हवं? पाठ आहेत सगळ्या. सात वर्षं ऐकत्येय."

यात काही खोटं नव्हतं. अठ्ठ्याण्णव साली आंबा बागायतदारांच्या सोसायटीने सिंगापूरच्या एका प्रदर्शनात हापूस मांडला. चेअरमन, दोन संचालक आणि सेक्रेटरी भास्कर मुळ्ये असे चौघे विमानात बसले, आणि आठ दिवसांनी भास्कर मुळ्ये परत आले ते 'सिंगापूरचे भाऊ' होऊनच. तेव्हापासून रत्नागिरीच्या त्या आळीतून कुणीही परदेशी निघालं, की त्याने आधी भाऊंच्या ओटीवर यायचं, वेताच्या खुर्चीसमोर मांडी घालायची आणि सूचना उतरवून घ्यायच्या. मस्कतला निघालेल्या माणसालाही भाऊ च्युइंगम चघळलंस तर याद राख म्हणून बजावत. लिफ्टमधून किती जणांनी जावं, तरणतलाव किती वाजता बंद होतो, खोलीतल्या छोट्या फ्रिजला हात का लावू नये, हे आळीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

माहीत नव्हतं ते एवढंच, की भाऊंनी सिंगापूर पाहिलेलं नव्हतं.

झालं होतं असं. पहिल्याच संध्याकाळी भाऊ पाय मोकळे करायला म्हणून एकटेच हॉटेलबाहेर पडले आणि चुकले. सगळे रस्ते सारखे, सगळे दिवे सारखे, आणि हॉटेलचं नाव वाचून ठेवायचं राहिलेलं. साडेतीन तास ते फिरत होते. एकाच कारंज्यावरून चारदा गेले. इंग्रजीत विचारावं तर तोंडातून शब्द फुटेना. शेवटी एका पोलिसाने त्यांच्या खिशातून डोकावणारा, हॉटेलचं नाव असलेला चावीचा बिल्ला पाहिला आणि हाताला धरून त्यांना कारंज्याच्या मागे नेलं. हॉटेल तिथेच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चेअरमनना सांगितलं, "आंब्यापाशी माणूस हवा. मी थांबतो." आणि त्यांनी खोलीतल्या गालिच्यावर पेट्यांतलं गवत पसरून आंबे पिकवायला चक्क आढी घातली. रोज दोनदा आंबे परतायचे, तयार फळ वेगळं काढून प्रदर्शनात पाठवायचं. आंब्याची राखण करणाऱ्या माणसाला रत्नागिरीकर कधी नावं ठेवत नाही, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. उरलेला वेळ भाऊ हॉटेलचं माहितीपुस्तक वाचत बसले. बावीस सूचना आल्या त्या तिथून. बागा, प्राणी, उंच मनोरे आले ते पुस्तकामागच्या रंगीत चित्रांतून.

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. लीलाताईंनाही नाही. उलट सगळ्यात जास्त थापा मारल्या होत्या त्या त्यांच्यापुढेच.

आणि आता लेकीच्या, अपूर्वाच्या, बाळंतपणाला त्याच शहरात लीलाताई निघाल्या होत्या. "कलमांवर आंबा उतरायला आलाय, मी कुठे येऊ?" म्हणून भाऊंनी स्वतःची सुटका करून घेतली होती. पण काल जावयाचा, अनिशचा, फोन आला. "आईंना बाबांचं हॉटेल दाखवून आणतो. आमच्यापासून चार स्टेशनं." तेव्हापासून भाऊ हातातली वही सोडायला तयार नव्हते.

"सूचना तेवीस," ते म्हणाले. "बाळंतिणीला सोडून कुठेही हिंडू नये."

लीलाताईंनी मान वर केली. "ही काल नव्हती."

"आज सुचली."

लीलाताई गेल्या. दर रविवारी फोन येऊ लागला. पहिल्याच रविवारी त्या म्हणाल्या, "मी एकटीच बाजारात गेल्ये होत्ये भाजीला. येताना चुकल्ये."

भाऊंनी उभ्या उभ्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. "मग गो?"

"मग काय? एका चिनी आजीला विचारलं."

"कुठल्या भाषेत?"

"मराठीत. ती चिनीत सांगत होती. शेवटी आली की दारापर्यंत सोडायला. तिला आमसुलं दिली थोडी. तोंड वाकडं केलंन् पण घेतलंन्."

दुसऱ्या रविवारी नात झाल्याची बातमी आली. आळीत पेढे वाटताना भाऊ स्वतःची काळजी विसरलेसुद्धा. चौथ्या रविवारी लीलाताई म्हणाल्या, "तुमचं हॉटेल बघून आल्ये हो आज."

भाऊंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "बरं. मग?"

"कारंजं छान आहे."

"आणखी?"

"आणखी आल्यावर."

पुढचे दहा-बारा दिवस भाऊंना जेवण गोड लागलं नाही. बागेतला आंबा उतरला, पेट्या गेल्या, पण त्यांचं लक्ष कशात नव्हतं. शिडीवरच्या गड्याला त्यांनी दोनदा विचारलं, "तू कधी चुकलायस का रे?" गडी म्हणाला, "कशात?" भाऊ घराकडे वळले.

लीलाताई मेअखेरीस परत आल्या त्या संध्याकाळी ओटी भरून गेली. शेजारच्या यमुनाबाई भाच्याला, विनीतला, घेऊन पुढेच बसल्या होत्या. त्याला सिंगापूरच्या गोदीत वेल्डरची नोकरी लागली होती आणि शुक्रवारी तो निघणार होता. पोराच्या हातात कोरा कागद होता आणि चेहरा पांढराफटक.

"वैनी," यमुनाबाईंनी विचारलं, "तुमी आता सोता बगून आलाव. भाऊ सांगतात ता सगला तसाच हाय ना ओ?"

भाऊ जमिनीकडे बघू लागले.

"तस्संच," लीलाताई म्हणाल्या. "शब्दन् शब्द."

भाऊंचा जीव भांड्यात पडला. लीलाताई चहाचं बघायला आत वळल्या तसे तेही मागोमाग गेले. लीलाताईंनी चुलीवर आधण ठेवलं आणि त्यांच्याकडे न बघताच बोलायला सुरुवात केली.

"तिथे खोल्या आवरणारी एक तमिळ बाई आहे. अनिशने रत्नागिरी म्हटल्याबरोबर म्हणाली, मँगो अंकल! गालिच्यातलं गवत ती महिनाभर वेचत होती म्हणे."

भाऊंनी चुलीतलं लाकूड उगाच पुढे सारलं.

"म्हणाली, अंकल कधी बाहेर पडलेच नाहीत. ती म्हणायची, जा, शहर बघा. तर तुम्ही मोडक्या इंग्रजीत म्हणायचात, बायको बरोबर असती तर गेलो असतो."

"म्हणालो होतो तसं," भाऊ हळूच म्हणाले.

"मग मला का नाही सांगितलंत? सात वर्षं?"

"लाज वाटली गो."

लीलाताईंनी मग त्यांच्याकडे पाहिलं. रागवायचं त्यांनी विमानातच ठरवलं होतं, पण आता समोर उभा असलेला माणूस बघून त्यांना ते जमेना. चहा गाळून त्यांनी कप भाऊंच्या हातात दिले. "चला. पोर खोळंबलंय."

बाहेर विनीत कागद मांडीवर घेऊन बसला होता. भाऊंनी कप ठेवले, कोनाड्यातली वही काढली, पहिलं पान उघडलं. त्या पोराकडे पाहिलं. त्याने कागदावर 'सूचना पहिली' असं आधीच लिहून ठेवलं होतं.

भाऊंनी वही मिटली.

"विनीत, मी सिंगापूर पाह्यलेलं नाही," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी चुकलो, घाबरलो, आणि आठ दिवस खोलीत आंबे परतत बसलो. हे सगळं मी पुस्तकातलं सांगत आलो. तू हिला विचार. ही हिंडल्येय."

यमुनाबाईंचा हात तोंडावर गेला. भाऊंनी आपली वेताची खुर्ची उचलली, लीलाताईंच्या पुढ्यात ठेवली आणि स्वतः विनीतच्या शेजारी जमिनीवर मांडी घातली. वहीचं नवं पान काढलं.

"हं, सांग," ते म्हणाले. "सूचना पहिली."

लीलाताई खुर्चीच्या कडेला अवघडून बसल्या. त्या खुर्चीत त्या आजवर कधी बसल्या नव्हत्या. पदर सारखा करून म्हणाल्या, "पहिल्या दिवशी माणूस चुकतोच. त्यात लाजायचं नाही. कुणालाही विचारायचं."

भाऊंची पेन्सिल क्षणभर थांबली. मग त्यांनी ते आपल्या सेक्रेटरीच्या वळणदार अक्षरात नीट लिहून घेतलं.

"दुसरी?" त्यांनी विचारलं.