राखेच्या बुधवारी उडालेली साखर

मित्रांनो, छताला टांगलेले पंखे तुम्ही रोज पाहता. मी त्यांच्यातला नाही. मी जमिनीवर बसून काम करणारा एक जुना पंखा आहे. निळ्या प्लास्टिकचा, गोगलगाईच्या आकाराचा, पाठीवर पांढऱ्या रंगाने ३ हा आकडा लिहिलेला. ज्या घरात नळ फुटतो, नदीचं पाणी शिरतं किंवा आग विझवताना सगळं भिजतं, त्या घरात मला नेऊन ठेवतात. मी जमिनीलगत वारा सोडतो आणि ते घर वाळवतो. मला एवढंच येतं. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला अजूनही खात्री नाही. पण माझ्याबरोबरचे बाकीचे पंखे आता राहिले नाहीत, म्हणून मीच सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. एका बाईंनी माझ्या तोंडावर जाळी बसवली आणि मला पहिल्यांदा चालू केलं. त्यांच्या कपाळावरचे केस उडाले आणि त्या हसल्या. तेवढं मात्र आठवतं.

तिथून मी पेनसिल्व्हेनियातल्या हार्लन्स बेंड या नदीकाठच्या गावी आलो. माझ्या मालकांचं नाव ओरेन टॅकेट. गावातला काचेचा कारखाना बंद पडल्यावर त्यांनी हा नवा धंदा काढला. मी, माझे पाच भाऊ, पाणी उपसायचा एक पंप आणि हवेतली ओल पिणारं एक जाडजूड यंत्र, एवढाच आमचा संसार. गाडीवर मालकांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, ‘टॅकेट. भिजलेली घरं वाळवून मिळतील.’ अक्षरं उजवीकडे जाता जाता थोडी उतरली होती.

मालक मूळचे केंटकीच्या डोंगरातले. त्यांची बायको रेजिनाबाई मात्र याच गावच्या, पोलिश घरातल्या. त्या दवाखान्यात परिचारिका होत्या. गावातली बहुतेक घरं त्यांच्यासारखीच, जुन्या पोलिश कॅथलिक लोकांची. मालक या गावात वीस वर्षं राहत होते, तरी गावाच्या लेखी ते अजून रेजिनाचा बाहेरगावचा नवराच होते. चर्चच्या पायरीपर्यंत बायकोला सोडायचं आणि गाडीत बसून वर्तमानपत्र वाचायचं, एवढाच त्यांचा गावच्या देवाशी संबंध.

दोन महिने झाले, पण आम्हाला एकही घर मिळालं नव्हतं. एके दिवशी रेजिनाबाई गॅरेजमध्ये आल्या. मी तिथेच फळीवर होतो.

“ओरेन, ईस्टरपर्यंत बघू,” त्या म्हणाल्या. “तोवर एकसुद्धा घर मिळालं नाही, तर हे सगळं विकायचं आणि तू ओहायोला जायचंस, माझ्या भावाच्या गोदामात. त्याने जागा राखून ठेवलीय.”

“म्हणजे मी तिकडे आणि तू इकडे?”

“महिन्यातून एक रविवार येशील की.”

“एक रविवार,” मालक म्हणाले आणि माझ्या जाळीवर नसलेली धूळ पुसत राहिले.

मित्रांनो, आमच्या धंद्यात एक रीत आहे. घर भिजलं की माणूस पहिला फोन विमा एजंटाला करतो, नाहीतर नळ दुरुस्त करणाऱ्याला. म्हणून नव्या माणसाने आधी या लोकांच्या ओळखी करून घ्यायच्या. आणि ओळख करायला जाताना हातात डोनटचं खोकं हवंच. मालकांना हे ठाऊक होतं, पण ते बुजरे होते. कुणाच्या दारात जाऊन ‘मला काम द्या’ म्हणायचं, तर ते दारावरूनच परत फिरायचे.

एका मंगळवारी मात्र त्यांनी बेकरीसमोर डोनटसाठी ही मोठी रांग पाहिली. बायका, पोरं, टपालवाला, सगळे उभे. मालकांच्या मनात आलं, या गावाला डोनटचं एवढं वेड आहे, हे इतकी वर्षं आपल्या लक्षात कसं आलं नाही! दुसऱ्या दिवशी रेजिनाबाई पहाटेच कामावर गेल्या होत्या. मालकांनी नमुना म्हणून मला गाडीत घातलं आणि थेट बेकरी गाठली. आज तिथे चिटपाखरू नव्हतं. मी काचेतून बघत होतो.

“बारा खोकी द्या,” मालक म्हणाले.

“आज?” बेकरीवाल्याने विचारलं.

“आजच. भरपूर पिठीसाखर घाला वरून.”

बेकरीवाल्याने एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, एकदा मालकांकडे पाहिलं आणि खोकी बांधायला घेतली.

आमचा पहिला मुक्काम थिया लेस्को या विमा एजंट बाईंचं ऑफिस. त्यांच्या अंगात काळा स्वेटर होता. मालकांनी मला टेबलावर ठेवलं, शेजारी खोकं उघडलं आणि मग त्यांचं लक्ष बाईंच्या चेहऱ्याकडे गेलं.

“बाई, तुमच्या कपाळाला काहीतरी काळं लागलंय,” ते म्हणाले आणि खिशातून रुमाल काढून पुढे केला.

“ती राख आहे, मिस्टर टॅकेट.”

“तेच म्हणतोय मी. पुसून घ्या.”

पलीकडच्या टेबलावरच्या कारकुनाने मान वर केली. त्याच्याही कपाळावर राखेचा क्रूस होता. दारातून आत येणाऱ्या म्हातारबुवांच्याही.

“आज राखेचा बुधवार. चर्चमध्ये कपाळाला राख लावतात,” थियाबाई शांतपणे म्हणाल्या. “आजपासून आमचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ. गोड बंद. काल सगळ्या गावाने पोटभर डोनट खाल्ले ते त्याचसाठी.”

मालकांचे कान लाल झाले. विषय बदलायचा म्हणून त्यांनी घाईघाईने माझी वायर भिंतीत खोचली. “मग आमचा पंखा तरी बघा!” ते म्हणाले आणि मला पूर्ण जोरावर सोडलं.

मित्रांनो, माझी काय चूक होती? वारा सोडणं हेच माझं काम. पण समोर उघडं खोकं होतं. एका क्षणात सगळी पिठीसाखर उडाली. थियाबाई डोक्यापासून कमरेपर्यंत पांढऱ्या झाल्या. विम्याचे कागद ऑफिसभर. म्हातारबुवा दाराची कडी धरून उभे राहिले.

“मिस्टर टॅकेट,” साखरेच्या आतून बाईंचा आवाज आला, “घर वाळवायचा धंदा आहे ना तुमचा? की पिठाची गिरणी?”

उरलेली अकरा खोकी तशीच घरी आली. संध्याकाळी रेजिनाबाईंनी ती पाहिली आणि त्या जिन्यावरच बसल्या. हसावं की रडावं, त्यांचं त्यांनाच कळेना.

“अरे, वीस वर्षं झाली तुला इथे! मला विचारायचंस तरी.”

“तुला चकित करायचं होतं.”

“केलंस. अख्ख्या गावाला केलंस.”

गावाने महिनाभर ही गोष्ट चवीने चघळली. मला फार अपराधी वाटे. पण मालकांनी एक गोष्ट केली. त्यांनी चर्चचं कॅलेंडर मागून आणलं आणि गाडीत, स्टिअरिंगच्या वर टांगलं. रोज सकाळी ते वाचायचे. न कळलेलं रेजिनाबाईंना विचारायचे. कोणत्या शुक्रवारी मांस खात नाहीत, कोणत्या शनिवारी टोपल्या घेऊन चर्चमध्ये जातात, कोणत्या दिवशी घरात रेडिओसुद्धा लावत नाहीत. धंद्यासाठी नव्हे, असं मला वाटतं. त्यांना स्वतःची लाज वाटली होती.

फोन मात्र वाजला नाही. ईस्टर चार दिवसांवर आला. रेजिनाबाईंनी कपाटातून मोठी बॅग काढून गॅरेजच्या दाराशी ठेवली.

त्याच बुधवारी दुपारी फोन वाजला.

“राखेच्या दिवशी माझ्या भाचीवर साखर उडवणारा तो तूच का रे?” म्हातारा, खणखणीत आवाज होता.

“हो,” मालक पुटपुटले. “माफ करा.”

“माफी राहू दे. पाण्याची टाकी फुटलीय माझी तळघरात. त्या मोठ्या कंपनीला फोन केला, तर एक दाबा, दोन दाबा, नऊ दाबा! मी काय पियानो वाजवायला बसलेय? तू ये.”

त्या झुक आजी. वय चौऱ्याऐंशी, थियाबाईंची मावशी. त्यांच्या तळघरात त्यांचं दुसरं स्वयंपाकघर होतं आणि दर ईस्टरला तिथेच चौदा माणसांची पंगत बसे. आता तिथे घोटाभर पाणी होतं आणि त्यात फोटोंची खोकी तरंगत होती.

“रविवारी माणसं येणार,” आजी म्हणाल्या. “माझा हा शेवटचा ईस्टर असेल नसेल. जमेल का?”

मालकांनी ओल मोजायची सुई भिंतीत टोचली. तिच्यावरचा आकडा त्यांनी दोनदा वाचला. “एक तासही खंड पडला नाही, तर शनिवारी संध्याकाळी जमेल, आजी. आवाज मात्र फार होईल.”

“होऊ दे. चौदा जणांच्या पंगतीचा गोंगाट मी सोसलाय.”

मग मी आयुष्यात पहिल्यांदा खरं काम केलं. पंपाने पाणी उपसलं. आम्ही सहा भाऊ भिंतीकडे तोंड करून बसलो आणि वारा सोडू लागलो. बुधवार, गुरुवार, शुक्रवारची सकाळ. भिंतीतली ओल बाहेर येताना मला जाणवत होती.

शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बाराच्या सुमाराला आजी जिना उतरल्या. डोक्याला काळा रुमाल, हातात जपमाळ. त्या खालच्या पायरीवर बसल्या. आम्ही सहा जण गर्जत होतो आणि त्या डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून बसल्या होत्या. काम आपणच सांगितलंय, तेव्हा सोसलं पाहिजे, असं त्यांनी ठरवलं असावं.

मालकांनी घड्याळ पाहिलं. येशू क्रुसावर होता ते बारा ते तीन असे तीन तास या दिवशी घरात आवाज करत नाहीत, हे ते कॅलेंडरवरून शिकले होते. मग सुईवरचा ओलीचा आकडा पाहिला. मग आजींकडे पाहिलं. मी पाहत होतो. त्यांच्या डोळ्यांसमोर ती दाराशी ठेवलेली बॅग आली असेल. तीन तास थांबलं, तर शनिवारी काम पुरं होणार नाही. पहिलंच घर, आणि तेही अर्धवट.

त्यांनी एकेक करून आमची बटणं बंद केली. मी शेवटचा. माझं पातं थांबलं आणि तळघरात एवढी शांतता झाली, की टाकीतून गळणारा थेंब ऐकू आला.

आजींनी डोळे उघडले. मालकांनी एक कोरडा टॉवेल घेतला, ओल्या फोटोंचं खोकं पुढे ओढलं आणि एकेक फोटो टिपून दोरीवर अडकवायला लागले. थोड्या वेळाने आजींनी दुसरा टॉवेल घेतला. तीन तास ती दोघं तशीच, न बोलता फोटो टिपत होती. एका फोटोपाशी आजींचा हात थांबला. एक तरुण माणूस अकॉर्डियन घेऊन हसत उभा होता. तो फोटो त्यांनी दोरीवर न लावता आपल्या मांडीवर पसरला.

तीन वाजले. आजी उठल्या.

“चालू कर आता,” त्या म्हणाल्या. “देवाचं झालं. आता पाण्याचं बघ.”

शनिवारी सकाळी आजी टोपलीत अंडी, पाव आणि सॉसेज घेऊन आशीर्वादासाठी चर्चमध्ये गेल्या. तिथल्या रांगेत त्या मालकांबद्दल काय काय बोलल्या, ते मला ठाऊक नाही. संध्याकाळी सुई टोचल्यावर मात्र मालकांचा चेहरा पडला.

“आजी, खोटं नाही सांगत. तो कोपरा अजून ओला आहे. एक पंखा उद्याही चालवावा लागेल. मला वेळेत जमलं नाही.”

“मग चालव की,” आजी म्हणाल्या. “पंधरावा पाहुणा. आणि सोळावा तू, सतरावी रेजिना. खुर्च्या आहेत माझ्याकडे.”

मित्रांनो, तो पंधरावा पाहुणा मी होतो. मला हळू केलं होतं, तरी कागदी रुमाल उडत होते आणि प्रत्येक जण एका हाताने रुमाल धरून जेवत होता. जो तो विचारी, “हा कोण?” आणि आजी दरवेळी सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगत. फोटो वर दोरीवर झुलत होते. थियाबाई माझ्यासमोरच बसल्या होत्या, पण खुर्ची जरा मागे घेऊन.

“मावशी, हा तोच का?” त्यांनी विचारलं.

“तोच,” मालक कसेबसे म्हणाले.

“हं. परवापासून ऑफिस उघडं आहे, मिस्टर टॅकेट. उपवास सुटलाय आमचा.”

त्या संध्याकाळी कोपरा वाळला आणि मला घरी आणलं. रेजिनाबाईंनी बॅग पुन्हा कपाटात ठेवली आणि भावाला फोन केला. “नाही, ओरेन येत नाहीये,” एवढंच मी ऐकलं.

मंगळवारी मालकांनी एक खोकं डोनट घेतले. थियाबाईंच्या दारावर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. ‘डोनट आत आणावेत. पंखा गाडीतच ठेवावा.’ मी काचेतून बघत राहिलो. आत सगळे हसत होते. मला जराही वाईट वाटलं नाही.

त्यानंतर मी किती घरं वाळवली, ते मोजलेलं नाही. आता माझ्या पात्याचा आवाज फाटला आहे आणि नवी यंत्रं हलकी नि मऊ आवाजाची आली आहेत. मी गॅरेजच्या फळीवर असतो. मालक कधीतरी येतात आणि माझ्या जाळीवरची धूळ पुसतात. आता ती खरोखरच असते.

मित्रांनो, तुमच्याकडेही असं एखादं जुनं यंत्र असेल. काम झालं की त्याचं तोंड पुसून ठेवा. आणि कुणाच्या भिजल्या घरात मदतीला गेलात, तर आधी त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचा. आम्हा यंत्रांना फक्त चालत राहता येतं. आम्हाला केव्हा थांबवायचं, हे तुम्हालाच कळायला हवं.