कुवेतला जायचे बूट

आमचे हे चिखल्याच्या खाणीतला मँगनीजचा माल ट्रकनं गोबरवाहीच्या स्टेशनावर नेऊन टाकायचे. लग्न झालं तेव्हाही तेच, सुमन झाली तेव्हाही तेच. ट्रक बाबुलालशेठचा. शेठचा एक नियम होता, केबिनमध्ये देवाचा फोटो आहे, पायात काही घालून चढायचं नाही. आम्ही बौद्ध; पण गाडी शेठची आणि देवही शेठचा, आपण काय बोलणार! हे सकाळी खाणीच्या फाटकाशी चपला काढून ठेवायचे, दिवसभर अनवाणी ट्रक हाकायचे आणि संध्याकाळी त्याच जागी चपला पायात सरकवायचे. इतक्या वर्षांत त्या चपला कुणी उचलल्या नाहीत, कारण त्या उचलण्यासारख्या नव्हत्याच.

सत्त्याहत्तरच्या थंडीत माझा भाऊ तेजराम नागपूरहून बातमी घेऊन आला. कुवेतच्या तेलाच्या विहिरींवर पाइप वाहायला ड्रायव्हर पाहिजेत, नागपूरच्या एका मैदानात ट्रायल आहे. जेवण, राहणं सगळं कंपनीचं. अट एकच, बूट घालून गाडी चालवता आली पाहिजे. तिकडच्या उन्हात केबिनचा पत्रा असा तापतो म्हणे की अनवाणी पाय भाजून निघतील.

हे रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. सकाळी उठल्या उठल्या म्हणाले, "दोन वर्सं जातो वं. आल्यावर आपला सोताचा ट्रक घेऊ. मंग त्याच्यात मी मले वाटन तसा चढन."

हे ऐकलं आणि माझंही मन कुवेतला पोचलं.

बूट मिळाले शेजारच्या देवाजीकडून. तो खाणीत खाली उतरायचा. त्याचा पाय केवढा म्हणता! पुढं चिंध्या कोंबल्या तेव्हा कुठं बूट ह्यांच्या पायात बसले. शेठचा ट्रक बूट घालून चालवायची सोय नव्हती, म्हणून मी खाटेसमोर तीन विटा मांडून दिल्या. क्लच, ब्रेक, ॲक्सिलेटर. हे खाटेवर बसून स्टिअरिंग म्हणून हातात सूप धरायचे आणि विटा दाबायचे.

"क्लच हाय का वीट हाय, समजूनच नाई राहिलं," हे वैतागायचे.

"वीटच हाय ते," मी म्हणायचे.

खाणीच्या चाळीतल्या बायांना फुकटचा तमाशा झाला. शकुनबाई तर रोज दारातून विचारायची, "गाडी कुठवर पोचली वं?"

पहिल्याच दिवशी हे बूट घालून माझ्या नुकत्याच सारवलेल्या घरात फिरले. मी अशी ओरडले की ह्यांनी उंबऱ्याबाहेर बूट फेकले. मग मलाच कसंसं झालं. शेठ गाडीत चढू देत नाही आणि मी घरात येऊ देत नाही. या माणसाला बुटांची सवय व्हावी तरी कुठं? म्हटलं, "हिंडा घरभर. चुलीपाशी बी या." हे खरंच बूट घालून माझ्या चुलीपाशी भाकर खायला बसले. माझी सासू असती तर दोघांनाही घराबाहेर काढलं असतं.

ट्रायलला मीही गेले. "बाईमाणसाचं काय काम तिकडं?" तेजराम म्हणाला. मी म्हटलं, "तुले काय करायचं?"

मैदानात दहा चाकी ट्रक उभा होता. कंपनीचा साहेब मद्रासकडचा, हिंदीची पार मोडतोड करणारा. एकेका ड्रायव्हरला शेजारी बसून तपासत होता. एकानं मागं घेताना खांबच पाडला. मग ह्यांची पाळी आली. साहेब पलीकडच्या बाजूनं चढून बसला. हे ताठ मानेनं ट्रकपाशी गेले, वाकले, बूट काढले, चाकाशेजारी नीट जोडीनं मांडले आणि अनवाणी वर चढले!

तेजराम कपाळाला हात लावून खालीच बसला. ट्रक सुरू झाला, हललाही. बूट तिथंच.

मी धावले. पदर खोचला, दोन हातांत दोन बूट घेतले आणि भर मैदानात ट्रकमागं धावत सुटले. "अवो! अवो सुमनचे बाबा!" पण इंजिनाच्या घरघरीत माझं अवो कोण ऐकतो? नवऱ्याचं नाव मी जन्मात घेतलं नव्हतं. आमच्याकडं कुठलीच बाई घेत नाही. पण ट्रक पुढं चालला होता आणि त्याच्याबरोबर आमचं कुवेतही चाललं होतं.

"डोमा!" मी बोंब ठोकली. "अरे डोमा, थांब!"

ट्रक जागच्या जागी उभा राहिला.

"क्यों रोका?" साहेब खेकसला.

"साहब, आरशात माही बाई दिसली. अन् तिनं माह्यं नाव घेतलं. काहीतरी मोठंच झालं असन."

साहेबानं डोकं बाहेर काढलं. मी बूट वर करून उभी, श्वास पुरत नव्हता. त्यानं ह्यांचे पाय पाहिले, मग मला पाहिलं आणि असा हसला की चष्मा काढून पुसावा लागला. तेजरामनं मागून येऊन शेठच्या नियमाची सगळी कहाणी सांगितली. साहेब म्हणाला, "बूट डालो. फिर से चलाओ."

दुसऱ्या फेरीत ट्रकनं दोन आचके खाल्ले, पण हे बुटांनी चालवत गेले आणि ह्यांनी तो मागं घेऊन बरोबर जागेवर लावला. साहेबानं ह्यांच्या पाठीवर थाप मारली. "शीशे में देखनेवाला ड्रायव्हर कम मिलता," एवढं म्हणाला आणि काम पक्कं झालं.

परतीच्या गाडीत हे खिडकीशी बसून सारखे गालातल्या गालात हसत होते.

"मैदानात काय म्हणलं वं तू मले?"

"काई नाई."

"अजून एकखेप म्हण ना."

मी तोंड फिरवलं. मग हे हळूच म्हणाले, "दोन वर्सं तिकडं सारे मले डायवर म्हणतीन. नावानं कोण हाक मारन?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या ट्रकमागं मी जिवाच्या आकांतानं धावले होते, तोच ह्यांना माझ्यापासून इतक्या लांब नेणार होता. मला रडू आलं आणि इतका आनंदही झाला होता की रडता रडता हसूच येत होतं. समोर चार अनोळखी माणसं बसली होती. बसू देत. मी ह्यांच्याकडं पाहिलं आणि मोठ्यानं म्हटलं, "डोमा."