बोलता मास्क

क्रूझवरची त्यांची केबिन जहाजाच्या पोटात होती. खिडकी नव्हती; खिडकीच्या जागी भिंतीवर नुसता पडदा टांगलेला. तिच्या नवऱ्याला मित्र कॉलेजपासून 'रेडिओ' म्हणायचे आणि या रेडिओला बंद करायचं बटण नव्हतं. माणूस मायाळू. कधी वाकडा शब्द नाही, सरळ शब्दांचा मात्र पूर. दात घासतानाही तो बोलायचा.

ती वीज कंपनीच्या तक्रार केंद्रात फोन घ्यायची. दिवसभर लोकांच्या अंधाराच्या कहाण्या ऐकून घरी आलं, की रेडिओ सुरू. सुट्टीत तिला एकच गोष्ट हवी होती, कानांना विसावा. म्हणून बंदरावरच्या सहलींमध्ये 'स्कूबा डायव्हिंग, नवशिक्यांसाठी' दिसलं, तेव्हा तिने समुद्राचा विचारच केला नाही. तोंडात हवेची नळी असली की माणसाला बोलता येत नाही, हे तिने आधी नीट वाचून घेतलं. पाऊण तास शांतता, तीही नवऱ्याला न दुखवता! तिने लगेच दोघांचं बुकिंग करून टाकलं.

बंदर यायच्या आदल्या दुपारी ती नाव कधी सुटते ते विचारायला सहलींच्या काउंटरवर गेली. तिथली मुलगी हसून म्हणाली, "मॅडम, सरांनी कालच बदल केलाय. तुम्हाला आता बोलते मास्क मिळणार."

"बोलते म्हणजे?"

"अख्खा चेहरा झाकणारे. आत माइक, कानाशी स्पीकर. खाली मस्त गप्पा मारा!"

ती काउंटरवर वाकली. "मला साधा द्या ना. त्यांचा राहू दे बोलता."

"जोडीचं बुकिंग आहे, मॅडम, दोघांना एकसारखेच लागतात. आणि तुमची नावं बंदरावर कळवलीसुद्धा. आता रद्द होईल, बदल नाही."

रद्द म्हणजे उद्या दिवसभर तो पडदा, ती भिंत आणि रेडिओ. तेवढ्यात तो मागून आलाच. "फोडलंत का माझं सरप्राइज? अगं, म्हटलं खाली गप्प बसून तू घाबरशील."

"मी कशाला घाबरतेय?"

"मी आहे ना! मासा दिसला की सांगेन."

"मला डोळे आहेत रे."

"मग तू मला सांग," तो म्हणाला. काउंटरवरची मुलगी हसली. तीही हसली, दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी नावेवर मास्क चढवतानाही त्याची टकळी सुरूच होती. ते प्रशिक्षकाबरोबर पाण्यात उतरले, उजेड हिरवट झाला आणि तिच्या कानातला आवाज एकदम थांबला. यंत्र बिघडलं वाटतं. देव पावला!

मग श्वास ऐकू आला. तोकडा, घाईघाईचा. तिने वळून पाहिलं. तोंडचं पाणी पळालेला माणूस पाण्यात असा दिसतो तर. त्याने प्रशिक्षकाचा दंड घट्ट धरला होता. प्रशिक्षक वर जायची खूण करत होता आणि तो मानेनेच नको म्हणत तिच्याकडे बोट दाखवत होता, हिची मजा जाईल म्हणून.

"इकडे बघ," ती म्हणाली. तक्रार केंद्रातला आवाज तिला आपसूक लागला. "श्वास सोड. अजून सोड. हं, आता घे."

त्याचा श्वास लांबला. ती थांबली की तो पुन्हा तोकडा व्हायचा. मग ती बोलतच राहिली. पिवळा मासा, पट्ट्यांचा मासा, बुडबुडे वर जाताना मोठे का होतात, केबिनमधला तो खोटा पडदा, काहीही. पाऊण तास तिच्या जिभेला उसंत नव्हती.

संध्याकाळी तो ओल्या केसांनीच काउंटरवर जाऊन टेकला. "पुढच्या बंदरावरचंही करून टाका. हेच मास्क. अहो, हिला इतकं बोलता येतं, हे लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मला माहीत नव्हतं! ही आपली गप्प, म्हणून हिला करमावं यासाठी मीच बडबडत असतो."

मुलीने दोघांची नावं टाइप केली आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या तिच्याकडे पाहिलं. "मॅडम, साधे हवे असतील तर आत्ताच सांगा. नंतर बदल होत नाही."

नवरा तिच्याकडे बघत होता, चक्क बोलायचं थांबून. तिच्या तोंडात नळी नव्हती. तरी तिला बोलता येईना.