जाळ्याच्या तोंडातली भिंगरी

मित्रांनो, मी एक जुनी भिंगरी आहे, पण खेळण्यातली नव्हे. कागदोपत्री माझं नाव प्रवाहमापी. जहाजावर मला भिंगरी म्हणतात, आणि बहुतेक वेळा काहीच म्हणत नाहीत. नुसता वैताग!

एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. पितळेचं पोट, त्यात दातेरी चाकं, पुढं पंखा आणि पाठीवर आकड्यांची खिडकी. मला घडवणाऱ्या कारागिरानं पाण्याच्या हौदातून दहादा ओढून पाहिलं आणि म्हणाला, "ही खोटं बोलणार नाही." त्यानंतर कौतुकाचा दुष्काळच पडला.

माझं काम नीट समजून घ्या. ध्रुवाजवळच्या बर्फाळ समुद्रात तांदळाच्या कणीएवढे जीव तरंगत असतात. त्यांना प्राणिप्लवक म्हणतात. त्यांच्यावर मासे जगतात, देवमासेही जगतात. ते कुठे किती आहेत हे कळावं म्हणून संशोधक एक लांब, निमुळतं जाळं दोनशे मीटर खाली सोडतात आणि सरळ वर ओढतात. मी त्या जाळ्याच्या तोंडाशी बांधलेली असते. पाणी आत शिरतं, माझा पंखा फिरतो, आणि किती पाणी गाळलं ते मी सांगते. जाळं कधी तुंबतं, कधी तिरकं होतं, म्हणून नुसत्या दोराच्या लांबीवरून ते कळत नाही. नुसते जीव मोजून काय उपयोग? शंभर जीव एका बादलीत सापडले की विहीरभर पाण्यात, यात फरक आहे की नाही? पण सगळ्यांचे डोळे जाळ्याच्या शेपटाला लावलेल्या बरणीवर. बरणी भरली की कौतुक बरणीचं!

आमच्या एका सफरीत एक ताई होती. तीन वर्षं खपून तिचा अभ्यास इथवर आला होता आणि पदवीसाठी तिला याच सफरीतले आकडे हवे होते. जाळं खाली-वर करणाऱ्या काकांनी पहिल्याच दिवशी तिला बजावलं, "ताई, इथली हवा पाण्याहून थंड. जाळं वर आलं की भिंगरीतलं पाणी गोठतं. दर वेळी सोडण्याआधी कोमट पाण्यात धरा आणि फुंकून बघा, फिरते का ते."

"हो हो काका, बघते ना."

सहा वेळा तिनं बघितलंही. मग वारा सुटला, बोटं बधिर झाली, घाई झाली. सातव्या खेपेला मला तसंच सोडलं. माझ्या चाकांत बर्फ! मी जीव तोडून फिरायला बघतेय, दोनशे मीटर पाणी अंगावरून चाललंय, आणि खिडकीतला आकडा सरकला जेमतेम साठ मीटरएवढा. तो बघून कुणी चमकावं की नाही? ताईनं आकडा उतरवला आणि वही मिटली. असं एकदा नाही, चौदा वेळा! काकांचं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मला हात असते तर कपाळ बडवून घेतलं असतं.

पाणी कमी आणि जीव तेवढेच, म्हणजे हिशेबात त्यांची गर्दी तिप्पट दिसणार. परतीच्या वाटेवर ताईच्या सरांनी ते आकडे पाहिले आणि ते उठून उभेच राहिले. "अगं, एवढी दाटी आजवर कुणाला सापडली नाही! नाव काढलंस!"

ताई हरखली. पण रात्रंदिवस तिच्या मनात शंका कुरतडत राहिली. तिनं सगळे जीव पुन्हा मोजले, गणितं तपासली, सूक्ष्मदर्शकाच्या काचा पुसल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा! शेवटी तिनं काकांची नोंदवही मागितली. प्रत्येक खेपेला दोर दोनशे मीटर सोडलेला. तिनं माझे आकडे शेजारी ठेवले.

काकांनी एवढंच विचारलं, "कोमट पाणी?"

ताईचा चेहरा पडला.

सर ऐकून खुर्चीत बसले. "विसातले चौदा गेले? आता जहाज मागे फिरणार नाही. वर्ष जाईल तुझं." मग आवाज मऊ करून म्हणाले, "असं कर, यंत्र बिघडलं होतं असं लिही. यंत्रं बिघडतातच. तुझ्यावर काही येणार नाही."

ऐकलंत? चोर सोडून संन्याशाला फाशी! इतकी वर्षं बर्फात राबून हे बक्षीस! मला इतका संताप कधीच आला नव्हता, आणि बोलायची सोय नाही.

ताईनं पेन्सिल घेतली. चौदा आकड्यांवर एकेक रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी बारीक. शेजारी लिहिलं, 'भिंगरी ठीक होती. बर्फ मी काढला नाही.'

"परीक्षक पहिलं हेच विचारतील," सर म्हणाले.

"विचारू देत, सर. मी सांगेन."

पदवी खरंच एक वर्ष लांबली. पुढच्या सफरीला ताई ते चौदा नमुने पुन्हा घ्यायला आली, तेव्हा नव्या कोऱ्या भिंगऱ्या आल्या होत्या. तिनं खोक्यात हात घालून मलाच उचललं. मला रडू आलं असतं, पण आमच्यात पाणी फक्त मोजायचं असतं.

मित्रांनो, यंत्र वापरून झालं की धुवून, पुसून ठेवा. मीठ आमची हाडं खातं. आणि हात जोडून सांगते, नव्हे, बजावून सांगते: आम्ही मुक्या वस्तू उलटून बोलत नाही, म्हणून तुमची चूक आमच्या नावावर लिहू नका.