भाव स्थिर आहे

आमच्या साहेबांना नकाशावर पांढरा डाग खपत नाही. कुठे अन्नटंचाई येणार हे आम्ही बाजारभावांवरून ताडतो आणि धान्याच्या गाड्या तिकडे पाठवतो. एखाद्या गावाचा भाव आलाच नाही, तर संगणक मागचाच भाव पुढे ओढतो. मग नकाशा कसा हिरवागार दिसतो! ही अक्कल आमचीच.

त्या सकाळी मावशीचा फोन आला. ती डोंगरापलीकडच्या गावात राहते.

"अगं, दुकानात पीठ नाही. पोरं नुसतं पाणी पिऊन झोपतात."

मी नकाशा बघितला. "मावशी, तुमच्याकडे तर भाव स्थिर आहे."

"माल असेल तर भाव ना! भाव कळवणारा तुमचा इथला माणूससुद्धा गाव सोडून गेला."

मी तडक साहेबांना गाठलं. गाड्या दुपारी दक्षिणेकडे निघणार होत्या, कारण तिथले भाव चढले होते.

"मावशीचा फोन म्हणजे पुरावा नव्हे," साहेब म्हणाले.

वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्यांच्यासमोरच मी संगणकाने ओढलेले सगळे भाव पुसले. अख्खा डोंगरपट्टा पांढरा पडला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"एवढ्या गावांचं आपल्याला काहीच माहीत नाही?"

"नाही. आणि ते आपणच झाकून ठेवलं होतं."

साहेबांनी दक्षिणेचे भाव पुन्हा एकदा पाहिले. दक्षिणेत महाग का होईना, धान्य विकायला होतं. शेवटी म्हणाले, "ठीक आहे, गाड्या वळवा. पण त्या जेमतेम एका गावाला पुरतील. कुठे पाठवायच्या, बोला."

पांढऱ्या पट्ट्यातल्या एकाच गावाची खबर माझ्याकडे होती. मी मावशीचं गाव सांगितलं. दुसरं काय सांगणार होते?

गाड्या निघाल्यावर मी मावशीला फोन लावला. आनंदाने ती रडायलाच लागली. मलाही रडू आलं; इतक्या वर्षांत पहिल्यांदाच या नोकरीचा अभिमान वाटला.

"पोरी, तुझं भलं होवो," ती म्हणाली. "आणि शेजारच्या गावालाही पाठवल्यास ना? त्यांचं तर आमच्याआधीच संपलं."